भिंतीपलीकडचा टॉम

डब्लिनच्या मराठी मंडळात कुणी विचारलं, "काकू, तुम्ही काय करता?" की मी आधी सरळ उत्तर द्यायचे. म्हणायचे, कॉम्प्युटरवर मूर्तिकाम करते. मग पुढचं वाक्य ठरलेलं: "अय्या, मग यंदा आमचा गणपती तुम्हीच करा ना!" कसला डोंबलाचा गणपती! मी करते ते कान, नाकं आणि जबडे. आजारपणात किंवा अपघातात माणसाचा कान गेला तर त्या जागी सिलिकॉनचा कान बसवतात. त्याचा आकार आधी कुणीतरी घडवावा लागतो. तो मी घडवते. हे एकदा एका डोहाळजेवणाला सविस्तर सांगितलं, तर समोरच्या बाईंनी हातातली करंजी खाली ठेवली. तेव्हापासून मी "घरीच असते" म्हणते आणि मोकळी होते.

वाढले मी पेणला, मामांच्या गणपतीच्या कारखान्यात. नवऱ्याला ग्रँड कॅनाल डॉकमधल्या एका कंपनीत नोकरी लागली आणि मी डिपेंडंट म्हणून त्याच्या मागे इकडे आले. डिपेंडंट! शब्द ऐकूनच डोकं फिरायचं. पोरगी शाळेत गेली की घर खायला उठायचं. इथल्या पावसात माती वाळायला ठेवणार कुठे? म्हणून मग स्क्रीनवरची माती शिकले.

ती माती कशी असते ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. कारखान्यात मूर्ती पाटावर असते आणि आपण पाट फिरवतो. स्क्रीनमध्ये मूर्ती जागची हलत नाही, आपण तिच्याभोवती फिरतो. आपण म्हणजे कॅमेरा. खरा कॅमेरा नव्हे, त्या आतल्या जगातला आपला डोळा. त्याला फिरवायला कीबोर्डची बटणं. उजवीकडे आकड्यांचा चौकोन असतो ना, त्यातला एक दाबला की तुम्ही मूर्तीच्या समोर. तीन दाबला की बाजूला. सात दाबला की डोक्यावर, माडीवरून अंगणात बघावं तसे. नऊ दाबला की जिथे असाल त्याच्या बरोबर पलीकडे. टिंब दाबलं की निवडलेली वस्तू डोळ्यांपुढे हजर. आणि होम नावाचं बटण दाबलं की त्या जगात जे जे काही आहे, ते सगळं एकदम दिसतं. होम मी सहसा दाबत नाही. मला कान हवा असतो, सगळं जग घेऊन काय करू?

नवीन शिकणारे या जगात हरवतात. मी ऑनलाइन शिकवायचे तेव्हा रोज कुणीतरी रडवेलं होऊन सांगायचं, "मॅडम, माझं डोकं गेलं." डोकं कुठे जात नाही, कॅमेरा भरकटलेला असतो. चहूकडे नुसतं राखाडी, वर नाही, खाली नाही, आवाज नाही. "टिंब दाब बाळा," म्हटलं की डोकं परत. दुसरा प्रकार जरा वाईट. कॅमेरा फार जवळ गेला की कातडीतून आत शिरतो. आत काहीच नसतं, कारण ही मूर्ती म्हणजे नुसतं साल. मग तुम्ही एखाद्याच्या पोकळ डोक्यात उभे असता आणि त्याच्या डोळ्यांच्या भोकांतून बाहेर बघत असता. हे मी आमच्या पोरीला कौतुकानं दाखवलं, तर ती म्हणाली, "आई, यू आर ग्रँड, जस्ट डोन्ट टेल माय फ्रेंड्स."

माझं पहिलं नाव झालं ते ड्रोहेडाजवळच्या एका लॉरी ड्रायव्हरमुळे. कॅन्सरनं त्याचा डावा कान गेला होता. आमच्या धंद्यात यावर सोपा तोडगा आहे. उजव्या कानाचं स्कॅन घ्यायचं, उलटं करायचं आणि डावीकडे लावायचं. बाकी बारीकसारीक हातानं सुधारायचं. कान बसवल्यावर गडी आरशात बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आता बायकोचं ऐकू येत नाही म्हणायची सोय राहिली नाही." त्यानं चार लोकांना सांगितलं, त्यांनी आणखी चारांना. अर्धं असलं की उरलेलं अर्धं आपण करू शकतो, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

अशीच फिरत फिरत ब्रीद माझ्याकडे आली. ब्रीद कासलबारच्या बाजूची, नर्स, पन्नाशीची. फोनवर ती बराच वेळ हवापाण्याचं बोलत राहिली, तेव्हा मीच म्हटलं, "ब्रीद, ताकाला जाऊन भांडं लपवू नकोस." म्हणजे इंग्रजीत जे काही सुचलं ते म्हटलं. मग ती रडायलाच लागली.

तिचे वडील टॉम वसंतात वारले होते. आई नोरा आंधळी, आणि ती काही आजकालची नव्हे. ब्रीद शाळेत असतानाच नोराची नजर गेली. त्यामुळे नोरानं नवऱ्याला म्हातारा झालेला कधी पाहिलाच नव्हता. ती त्याला हातांनी ओळखायची. रोज संध्याकाळी चुलीपाशी बसून ती त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवायची आणि तो बापडा पेपर बाजूला ठेवून गप्प बसायचा. आता तिला मधुमेहानं गाठलं होतं. आधी पावलं बधिर झाली, आता बोटं व्हायला लागली होती.

"डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येणार नाही," ब्रीद म्हणाली. आईला ती मॅम म्हणते. "मॅमला फोटो काय कामाचा? तिला एकदा त्याचा चेहरा हातात धरायचाय. स्पर्श पुरता जायच्या आत. तू करशील?"

नाही कशी म्हणणार? मी विचारलं, त्यांच्या चेहऱ्याचं काय काय आहे तुझ्याकडे? तर म्हणाली, थोडे समोरून काढलेले फोटो आणि एक स्कॅन. फोनवर घेतलेलं. केव्हा घेतलंस विचारलं, तर हळूच म्हणाली, "वेकच्या दिवशी."

इथे माणूस गेलं की त्याला घरातच पलंगावर नीटनेटकं निजवतात आणि सगळं गाव भेटायला येतं. चहा, सँडविच, गप्पा, कधी हसणंसुद्धा. त्याला वेक म्हणतात. लोक यायच्या आधी ब्रीद फोन घेऊन वडिलांपाशी उभी राहिली होती. का, ते तिलाही सांगता आलं नाही. मीही पुन्हा विचारलं नाही.

मी फाइल उघडली. ताबडतोब टॉमचं डोकं निवडलं, बाकीची खोली लपवली आणि टिंब दाबलं. मेलेल्या माणसाचा चेहरा घडवणं मला नवीन होतं. निजलेल्या माणसाचे गाल कानांकडे ओघळतात. त्याला उठवून बसवायचं तर ते मांस परत पुढे आणावं लागतं. ते मी फोटो बघून आणलं. पण दुसरीच अडचण निघाली. ब्रीद पलंगाच्या एकाच बाजूला उभी होती, दाराकडच्या. पलीकडे जागा अरुंद होती. त्यामुळे टॉमचा डावा अर्धा चेहरा सुरेख आला होता, सुरकुती न् सुरकुती. नऊ दाबून पलीकडे गेले तर उजवीकडे काही नाही. कडा फाटलेली आणि आत पोकळी.

मी काय केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. डावा अर्धा उलटा केला आणि उजवीकडे लावला. फोटोंशी ताडून पाहिला. टॉमला फोटोत मान कलती ठेवायची सवय होती, उजवा गाल कायम सावलीत. मला तर काम फक्कड वाटलं. प्रिंटरवर डोकं काढलं, घासलं, वर मऊसर सिलिकॉनचा थर दिला, जुन्या सुती साडीत गुंडाळलं आणि आगगाडीत बसले. शेजारच्या सीटवरच्या आजोबांनी मांडीवरच्या गाठोड्याकडे बघून विचारलं, "काय नेतेस?"

"डोकं," मी म्हटलं.

ते जरा थांबले आणि म्हणाले, "तिकीट काढलंस ना त्याचं?"

नोराचं घर कासलबारपासून आत, गाडीवाटेच्या शेवटाला. स्वयंपाकघरात चूल पेटलेली. नोरा लहानशी, ताठ बसणारी, केस घट्ट बांधलेले. हात मांडीवर पालथे ठेवलेले. मी समोर टेबलावर डोकं मांडलं. ब्रीदनं आईचे हात धरून त्यावर ठेवले.

आधी तिचे अंगठे भुवयांवरून गेले. मग गाल. चेहरा असा उजळला तिचा! दोन्ही हात एकदमच चालले होते, डावीकडून डावा, उजवीकडून उजवा. ते जबड्यापर्यंत आले, कानांमागे गेले, पुन्हा जबड्यावर आले. आणि थांबले. तिनं हात काढून घेतले आणि एप्रनला पुसले.

"हा कोण आहे?" ती म्हणाली.

"मॅम, डॅडी आहे," ब्रीद म्हणाली.

"या हाताला टॉम आहे. त्या हातालाही हाच टॉम आहे. दुसरा कुठे गेला?" मग माझ्या दिशेनं तोंड करून, अगदी शांतपणे: "बाई गं, तू एक अर्धा माणूस घेऊन त्याला दोनदा बसवलंस. असं कुणी नसतं. संध्याकाळ व्हायच्या आत याला माझ्या घरातून ने."

हे मला एकदाही कळलं नव्हतं. कारण ते डोकं मी कितीतरी दिवस बघत होते, पण एका वेळी एकाच बाजूनं. कॅमेरा कितीही फिरवा, तो एका वेळी एकाच ठिकाणी असतो. दोन्ही बाजूंना एकदम असणं नोराच्या हातांनाच जमत होतं. मी टेबलावर पुन्हा पाहिलं तेव्हा ते डोकं मलाही परकं वाटलं. ब्रीदनं ते घाईनं उचलून प्रेसमध्ये, म्हणजे इथल्या भाषेत कपाटात, ठेवलं आणि दार लावलं. चहा होईपर्यंत आम्ही तिघीही त्या कपाटाकडे पाठ करून बसलो होतो.

ते डोकं परत साडीत गुंडाळून मी निघाले, तेव्हा ब्रीद फाटकापर्यंत आली. "तर्जनीची टोकं गेलीत," म्हणाली. "ती मला सांगत नाही, पण चहाचा कप पकडताना कळतं."

घरी आले ती चिडूनच. स्वतःवर, आणखी कुणावर? दुसऱ्या दिवशी सकाळी, आता नोकरीला लागलेली पोरगी कामाला गेल्यावर, मूळ फाइल पुन्हा उघडली. उजवा गाल आणायचा कुठून? लपवलेली खोली उघडी केली, उशीला दबलेला एखादा तुकडा तरी सापडतो का बघायला. पलंग, चादर, पायाशी खुर्ची, पलीकडची भिंत. जरा मागे यावं म्हणून बटण दाबायला गेले आणि बोट पडलं होमवर.

खोली लहान झाली. खूपच लहान झाली. एवढं मागे यायचं काही कारण नव्हतं. होम सगळं दाखवतं, म्हणजे खोलीखेरीज आणखी काहीतरी होतं.

भिंतीच्या पलीकडे दुसरी खोली होती.

कडा जळक्या कागदासारख्या खाल्लेल्या, जमीन अर्धवट, पण खोलीच. तीच खुर्ची, तोच पलंग. पलंगावर एक माणूस निजलेला. मी कॅमेरा पुढे नेला. भिंत आली, तिच्यातून आरपार गेले. बाहेर लख्ख ऊन होतं, शेजारी लॉन कापत होता. पलंगापलीकडे एक आकृती उभी होती. तिला दंड होते, पुढे धरलेले, पण वर चेहरा नव्हता, नुसता धुरकट लोळ. आणि पलंगावर टॉम. या खोलीतल्या टॉमचा डोळा मिटलेला नव्हता. डोळ्याच्या जागी काळं भोक होतं आणि ते माझ्याकडे रोखलेलं होतं.

मी उठले आणि चहाचं आधण ठेवलं. खुळ्यासारखी ओट्याला टेकून उभी राहिले. अशी भोकं स्कॅनमध्ये पडतात, हे मीच शेकडो पोरांना शिकवलेलं आहे. हलणारा माणूस लोळासारखा येतो, हेही. तरी त्या खोलीकडे पाठ करायचा मला धीर होईना, म्हणून आधण उकळेपर्यंत मी स्क्रीनकडे तोंड करूनच उभी होते.

चहा पोटात गेल्यावर डोकं चालायला लागलं. आरसा! खोलीत आरसा असला तर फोनला तो आरसा आहे हे कळत नाही. त्याला वाटतं भिंतीला भगदाड आहे आणि पलीकडे खोली आहे. तो ती खोली इमानदारीनं बांधून काढतो. चेहरा नसलेली बाई म्हणजे फोन धरलेली ब्रीद. आणि पलंगापलीकडच्या आरशात काय दिसत असणार? टॉमची पलीकडची बाजू. उजवी!

पुन्हा बसले, टिंब दाबलं, त्याच्या गालापाशी गेले. तो होता. खरा. उजव्या जबड्याचं हाड खाली खचलेलं आणि वाकडं जुळलेलं, त्याच्यामुळे कानाची पाळी पुढे वळलेली. डाव्याशी काडीचंही साम्य नाही. मी आनंदानं ओरडलेच असेन.

लगेच ब्रीदला फोन लावला. "तुझ्या वडिलांचा उजवा जबडा मोडला होता का गं?"

"हो, लहानपणी गाईनं लाथ मारली होती. तुला कुणी सांगितलं?"

"आरशात दिसला."

मग ती म्हणाली, "आरसा झाकलेला होता, विद्या."

"असं कसं? मला दिसतोय ना."

"नाही. वेकला आम्ही घरातले सगळे आरसे झाकतो. त्या खोलीतल्या आरशावर चादर मी माझ्या हातांनी घातली होती. मॅमनंच सांगितलं होतं. आरसा उघडा राहिला तर गेलेल्याचा जीव त्यात अडकतो म्हणतात. मी नर्स आहे, माझा विश्वास नाही, पण चादर घातली होती. पक्की." तिचा आवाज बदलला होता. "तुला नक्की काय दिसतंय?"

मी तिला तो खाली खचलेला जबडा, ती वळलेली पाळी सांगितली. ती म्हणाली, "जीझस, मेरी अँड जोसेफ." आणि फोन ठेवला.

पुढचे दिवस मी दिवसाउजेडीच काम केलं. मी भित्री नाही. मामांच्या कारखान्यात डोळे न आखलेल्या शंभर मूर्तींमध्ये दुपारची झोप काढलेली बाई आहे मी. पण रोज सकाळी फाइल उघडली की आधी होम दाबून बघायचे. का, ते विचारू नका. त्या खोलीतला टॉम मी काळजीपूर्वक कापून वेगळा केला, उलटा केला, कारण आरशातलं सगळं उलटंच असतं, आणि भिंतीच्या अलीकडे आणून त्याच्या डाव्या अंगाला जोडला. कपाळाला कपाळ, हनुवटीला हनुवटी. दोन्ही अर्धे अगदी बरोबर भेटले. या वेळी मी डोळे मिटून दोन्ही हात प्रिंटवर फिरवले. दोन हातांना दोन वेगळ्या बाजू लागल्या. तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

पुन्हा तेच स्वयंपाकघर. नोरानं मला ओळखलं ते पायरवावरून. हात मांडीवरच होते. ब्रीद तिच्या शेजारी बसली आणि तिनं आधी तेच विचारलं, जे इतके दिवस तिच्या मनात होतं.

"मॅम, त्या दिवशी आरशावरची चादर पडली होती का?"

"पडेल कशी? तू नर्स आहेस, चादर घालणं तुला चांगलं येतं," नोरा म्हणाली. "मी काढली."

"कधी?"

"तू खाली फोन आणायला गेलीस तेव्हा. तू आलीस, हुंदके देत होतीस, तुझं लक्ष त्या फोनमध्ये. लोक वर यायच्या आधी मी परत सरकवली."

"पण का? तूच तर झाकायला सांगितलंस!"

"लोकांसाठी सांगितलं," नोरा म्हणाली. "जीव अडकू नये म्हणून झाकतात. मला तो अडकायला हवा होता."

ब्रीद उठून खिडकीपाशी गेली आणि तोंडावर हात धरून उभी राहिली. मी गाठोडं सोडता सोडता भिंतीमागच्या खोलीचं सगळं सांगितलं आणि डोकं नोरासमोर ठेवलं.

या खेपेला तिनं बोटांची टोकं वापरलीच नाहीत. त्यांचा स्पर्श गेला होता. तिनं हात उताणे केले आणि मनगटांच्या आतल्या बाजूनं, जिथे कातडी पातळ असते तिथून, चेहरा शोधला. कपाळ, भुवया, गाल. डावा जबडा. मग उजवा. उजव्या जबड्यावर तिचं मनगट खाली उतरलं, त्या खचलेल्या जागी, आणि तिथेच राहिलं. ती खुर्चीतून पुढे झाली आणि तिनं आपला गाल तिथे लावला. तो तिथे असा बसला की मध्ये फटही उरली नाही.

"आलास," ती म्हणाली. मग आयरिशमध्ये बरंच काही पुटपुटली, ते मला कळलं नाही आणि ब्रीदनं मला सांगितलंही नाही. चुलीत लाकूड कोसळल्याचा आवाज झाला. मी रडत होते, ते लपवायची गरज नव्हती.

बऱ्याच वेळानं नोरानं गाल न उचलता विचारलं, "बाई, तुझ्या त्या मशीनमध्ये, भिंतीच्या मागे, आता कोण आहे?"

"कुणी नाही," मी म्हटलं. "पलंग आहे. रिकामा. त्यांना मी अलीकडे आणलं."

"सगळा आणलास? थोडासुद्धा मागे नाही राहिला?"

"सगळे आणले."

तिनं दोन्ही हात त्या डोक्यामागे नेले आणि घट्ट गुंफले.

"ब्रीद," ती म्हणाली, "वर जा आणि आरसा झाक. लवकर. आपण आरशाबाहेर आलोय, हे त्याला कळायच्या आत."

ब्रीद, ती विश्वास नसलेली नर्स, धावतच जिना चढली.